तीनशे चारमधल्या जपानी भाभी

जपानी भाभी वाजवायला बसण्याआधी एसी बंद करत. दुबईत, करामातल्या जुन्या बिल्डिंगच्या तिसऱ्या मजल्यावर, ऑगस्टच्या दुपारी अडीच वाजता. खिडक्या आधीच लावलेल्या असत, कारण खाली बसचा थांबा. मग पंखाही बंद. दोन मिनिटांत माझा टी-शर्ट पाठीला चिकटायचा. माझा लॅपटॉप तापून स्वतःचा पंखा सुरू करायचा आणि भाभी त्याच्याकडे अशा बघायच्या, जशी माझी आई चर्चमध्ये मिस्सा चालू असताना खोकणाऱ्या माणसाकडे बघायची. शेवटी मी फ्रीजरमधली मटारची पिशवी फडक्यात गुंडाळून लॅपटॉपखाली ठेवायला लागले. भाभी त्यांच्या सहा फुटी लाकडी वाद्यामागे गुडघे दुमडून बसलेल्या असत. डोक्यावर ओढणी, पूर्ण बाह्यांचा कुर्ता, आणि कपाळावर एक थेंब नाही. एकदा मी विचारलं, "भाभी, तुम्हाला गरम होत नाही?"

"होतं," त्या म्हणाल्या. "पण ते नंतर."

त्यांचं नाव आयेशा. लग्नाआधी आयाको. पण बिल्डिंगमध्ये वॉचमनपासून किराणावाल्यापर्यंत सगळे त्यांना जपानी भाभीच म्हणत. नवरा इक्बालभाई रत्नागिरीकडचे. शारजात त्यांचं जुन्या जपानी गाड्यांचं यार्ड होतं. मुलगी साना ऊद मेथाच्या शाळेत, म्हणून राहायला करामात. मी बरोबर त्यांच्या खाली, दोनशे चारमध्ये, आणखी दोन मुलींबरोबर राहायचे. मी वसईची. एका हॉटेलात ऑडिओ-व्हिज्युअलमध्ये होते, म्हणजे बॉलरूममध्ये साहेबांच्या कॉलरला माइक लावायचा आणि त्यांचं भाषण संपेपर्यंत भिंतीला टेकून उभं राहायचं. उरलेल्या वेळात घरी लॅपटॉप आणि एका जुन्या कीबोर्डवर मी माझं संगीत बनवायचे. ते कोणी ऐकत नव्हतं. निदान मला तसं वाटत होतं.

एका दुपारी बेल वाजली. दारात भाभी. तोवर लिफ्टमध्ये हसण्यापलीकडे आमची ओळख नव्हती.

"आवाज खाली आहे," त्या म्हणाल्या.

मला वाटलं, कमी कर म्हणतायत. "सॉरी भाभी, करते कमी," म्हणत मी आत पळाले, आवाज निम्म्यावर आणला आणि परत आले. त्या तिथंच उभ्या.

"नाही. खाली आहे. वर पाहिजे. एवढासा." अंगठा आणि तर्जनीमध्ये त्यांनी तांदळाचा दाणा मावेल एवढं अंतर दाखवलं.

माझ्या डोक्यात प्रकाश पडायला थोडा वेळ लागला. तो कीबोर्ड मी हॉटेलच्या बँडमधल्या एका फिलिपिनो वादकाकडून घेतला होता. तासभर चालला की तो तापतो आणि त्याचा सूर किंचित उतरतो. मी ट्यूनर लावून पाहिलं. काटा मध्यापासून जेमतेम एक रेघ डावीकडे होता. मी आवाजाच्या धंद्यावर पोट भरते आणि मला ते ऐकू आलं नव्हतं. या बाईंना वरच्या मजल्यावरून, काँक्रीटमधून, एसीच्या घरघरीतून ऐकू आलं होतं. मी सूर वर घेतला. "हां, आता बसला," म्हणाल्या आणि जिना चढून गेल्या. मी बराच वेळ दार उघडं ठेवून तिथंच उभी होते.

दुसऱ्या दिवशी घरचा केक घेऊन मी वर गेले. हॉलमध्ये सोफ्याच्या मागे ते वाद्य भिंतीला टेकून उभं होतं. कोतो. इक्बालभाईंच्या कंटेनरमधून, एका जुन्या व्हॅनच्या पोटात झोपून ते जपानहून आलं होतं. भाभींनी ते आडवं केलं, तेरा तारांखाली टेकू म्हणून तेरा घोड्या उभ्या केल्या, उजव्या हाताच्या तीन बोटांत नख्या चढवल्या आणि एकच तार छेडली. मी आयुष्यभर स्पीकरमधून येणारे आवाज ऐकत आले होते. हा आवाज जमिनीतून माझ्या तळव्यांत आला.

त्या सूर लावायच्या तेव्हा चाळीस-चाळीस मिनिटं जात. एक घोडी केसाएवढी सरकवायची, ऐकायचं, परत आणायची. मी घड्याळाकडे बघतेय असं दिसलं की म्हणायच्या, "थांब, अजून आली नाही." कोण आली नाही, असं मी पहिल्यांदा विचारलं होतं. त्यांनी तारेकडे बोट दाखवलं. मग कधीतरी त्यांची मान जराशी हलायची आणि मला कळायचं, की आली. तो बदल मला पहिले सहा महिने ऐकू येत नव्हता. सातव्या महिन्यात यायला लागला, आणि त्या दिवसापासून हॉटेलातल्या लॉबीचं संगीत ऐकवेनासं झालं.

त्यांची भाषा ऐकून नवा माणूस चकित व्हायचा. इक्बालभाई तरुणपणी गाड्यांच्या धंद्यासाठी जपानला गेले होते, तिथं लग्न झालं आणि लगेच शारजात यार्ड उभं करायचं ठरलं. ते उभं राहीपर्यंत दोन वर्षं भाभी रत्नागिरीजवळच्या खाडीकाठच्या गावात सासूजवळ राहिल्या. सासूला सगळे अम्मी म्हणत. अम्मींना जपानी येत नव्हतं, भाभींना दुसरं काही येत नव्हतं. अम्मी एकेक वस्तू हातात धरून नाव सांगायच्या. पळी. विळी. करवंटी. मग पाऊस, कंटाळा, राग. राग कसा हातात धरून दाखवला, असं मी विचारलं तर भाभी म्हणाल्या, "तो दाखवावा लागला नाही." त्यामुळे जपानी चेहऱ्याच्या या बाई "काय करतंस गो?" असं खाडीच्या हेलात विचारायच्या. त्यांच्या वाक्याच्या शेवटी मात्र 'ने' यायचं. "गरम आहे, ने?" लोकांना वाटायचं, 'ना' म्हणता येत नाही बिचारीला. खरं तर जपानी माणूस वाक्याच्या शेवटी 'ने' लावतो, अगदी आपण 'ना' लावतो त्याच जागी, त्याच अर्थानं. "तिकडून आणलेलं तेवढंच एक इकडे चाललं," त्या म्हणायच्या.

आधी मी फक्त एका तुकड्यासाठी त्यांचा आवाज रेकॉर्ड करायला मागितला होता. तेवढ्यावर थांबणं शक्य नव्हतं. मंगळवार माझ्या सुट्टीचा. साना शाळेत, इक्बालभाई यार्डात. दुपारच्या नमाजनंतर मी वर जायचे आणि चारच्या सुमाराच्या, असरच्या अजानपर्यंत आम्ही काम करायचो. अजान सुरू झाली की भाभी वाद्यावर कापड टाकत आणि "खलास" म्हणत. मग मधली ओळ अर्धी असली तरी अर्धीच राहायची. असे दोन वर्षांचे मंगळवार गेले आणि एका तुकड्याचा अख्खा अल्बम झाला. आमच्या जोडीला नाव काय द्यायचं हे ठरवायला त्यामानानं दोन सेकंद लागले. 'दुपार.'

पहिलं भांडण कॉपी-पेस्टवरून झालं. मी त्यांची चार सुरांची एक ओळ घेतली आणि कॉम्प्युटरवर चाळीस वेळा एकापुढे एक चिकटवली. खालून बास, वर थोडे ठोके. आमच्या प्रकारच्या संगीतात असंच करतात. भाभींनी ऐकलं आणि म्हणाल्या, "पहिली जिवंत आहे. बाकीच्या तिचे फोटो."

"भाभी, सगळ्या सेम आहेत. तीच आहे ती."

"म्हणूनच."

मग एसी बंद करून त्यांनी ती ओळ चाळीस वेळा वाजवली. मध्ये न थांबता, तोंडावरची रेषही न हलवता. मला वाटलं होतं विसाव्या वेळी हात ढिला पडेल. मी स्क्रीनवर चाळीसही ओळी एकाखाली एक मांडल्या. डोळ्यांना फरक सापडत नव्हता. पण सलग ऐकल्यावर फरक ऐकू आला. ती ओळ हळूहळू कुठंतरी चालत निघाली होती, एखाद्या माणसानं अंगणातून उतरून पाखाडीच्या पायऱ्यांनी खाली खाडीकडे जावं तशी. त्यानंतर मी त्यांचा एकही सूर दोनदा वापरलेला नाही. माझ्या यंत्रांचेही ठोके मी हातानं वाजवायला लागले. साना शाळेतून आली, दप्तर टाकून तिनं दोन मिनिटं ऐकलं आणि म्हणाली, "मम्मा, इट्स सो स्लो." भाभी तिला म्हणाल्या, "हो. तू पण सावकाशच आलीस."

कपाटावर एक लांब पेटी होती. वर्षभर मी तिला बघत होते. एका मंगळवारी विचारलं तर त्यांनी ती खाली काढायला सांगितली. आत शामिसेन होतं. लांब मान, तीन तारा आणि खाली चामड्यानं मढवलेली चौकोनी पेटी. चामडं वरून खालपर्यंत उभं फाटलेलं. कोणी फाडलं नव्हतं. कोरड्या हवेत, न वाजवता पडून राहिलं, म्हणून आपोआप गेलं.

भाभींनी सांगितलं ते असं. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात अम्मींनी विचारलं होतं, हे कसलं कातडं? भाभींना शब्द येत नव्हता. त्यांनी भुंकून दाखवलं. कुत्र्याचं. अम्मी रागावल्या नाहीत. या घरात नमाज होते, हे बाहेर काढू नकोस, एवढंच म्हणाल्या. भाभी हो म्हणाल्या आणि त्यांनी पेटी बंद केली. अठरा वर्षं. मूळचं त्यांचं वाद्य तेच होतं. कोतो त्या नंतर शिकल्या होत्या.

"पण इथं दुबईत? अम्मी थोड्याच बघणार होत्या?"

"मी हो म्हटलं होतं," त्या म्हणाल्या. त्यांना प्रश्नच कळला नाही, असं मला वाटलं.

मी म्हटलं, शारजात एक म्हातारे उस्ताद आहेत, तबल्या-ढोलकीला पुड्या चढवतात. बकरीचं कातडं लावून बघू. भाभींनी फोन काढला, स्पीकरवर टाकला आणि अम्मींना विचारलं. बकरीचं चालेल का?

"चालेल की," पलीकडून आवाज आला. "बकरीला काय झालं? पण आता कशाला आठवलं? इतकी वर्षं कशावर वाजवत होतीस?"

"पेटीत ठेवलं होतं, अम्मी."

पलीकडे हातातलं भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला.

"अगो," अम्मी म्हणाल्या, "मी कातडं नको म्हटलं होतं. वाजवू नको असं कधी म्हटलं?"

भाभी म्हणाल्या, "कधीच नाही म्हटलं." फोन ठेवून त्या स्वयंपाकघरात गेल्या. बराच वेळ नळ वाहत होता. बाहेर आल्या तेव्हा डोळे धुतलेले होते आणि हातात दोन कप चहा होता.

उस्तादांनी ते वाद्य मांडीवर घेऊन फिरवून पाहिलं. "बेटी, ये तो रबाब की बहन लगती है." सर्वांत जाड तारेवर त्यांनी नख मारलं तेव्हा तार किंचित गुणगुणली. "अरे, इसमें तो जवारी है," ते म्हणाले. भाभी एकदम पुढे झुकल्या. काय म्हणालात? जवारी, उस्तादांनी समजावलं, सतारीची, तंबोऱ्याची तार घोडीला हलकेच घासून जी गुंजते ती. भाभी म्हणाल्या, "आमच्याकडे सावारी म्हणतात." दोघं एकमेकांकडे बघत राहिले. उस्तादांनी तार पुन्हा वाजवली. "जवारी," ते म्हणाले. "सावारी," भाभी म्हणाल्या. मी मधे प्लास्टिकच्या स्टुलावर बसले होते आणि आपण काहीतरी फार जुनं ऐकतोय असं मला वाटत होतं. ते दोन शब्द खरोखर एकाच मुळाचे आहेत का, हे मला आजही माहीत नाही. मी शोधलेलंही नाही.

बकरीच्या कातड्याचा आवाज वेगळा आला. जाड, थोडा घसा बसल्यासारखा. मला भीती वाटली, भाभींना आवडणार नाही. त्यांनी पसरट नखीनं एक फटका दिला, ऐकला आणि म्हणाल्या, "ही रत्नागिरीची झाली." अठरा वर्षांनी त्या पहिल्यांदा वाजवत होत्या. पहिल्या पाच मिनिटांत दोनदा चुकल्या आणि दोन्ही वेळा हसल्या. त्यानंतर जे वाजवलं त्याबद्दल मला नीट लिहिता येणार नाही. मी मीटरकडे लक्ष द्यायला हवं होतं. आवाज लाल रेषेच्या वर जात होता, रेकॉर्डिंग चरचरत होतं, आणि माझा हात बटणापर्यंत गेला नाही. ते चरचरणं अल्बममध्ये तसंच आहे. शेवटून दुसरा ट्रॅक, अकरा मिनिटांचा. त्याच्याखाली मी फक्त एक लांब बास धरला आहे. बाकी काही करायची माझी हिंमत झाली नाही.

अल्बमचं नाव आम्ही 'ने' ठेवलं आणि इंटरनेटवर टाकला. इक्बालभाईंनी यार्डातल्या सगळ्यांना ऐकायला लावला. पहिले काही आठवडे तेवढेच श्रोते. मग कुठून कोण जाणे, पत्रं यायला लागली. जपानमधल्या एका वृद्ध शामिसेनवादकानं विचारलं, हा आवाज कोणत्या कातड्याचा? असा मी ऐकलेला नाही. भाभींनी ते पत्र मला मराठीत वाचून दाखवलं आणि घडी घालून कुराणाशेजारच्या फडताळात ठेवलं. त्यानंतर दोन महिन्यांनी क्योटोतल्या एका छोट्या सभागृहाचं बोलावणं आलं. दोघींनी यावं, पूर्ण अल्बम वाजवावा. भाभी चौदा वर्षांत माहेरी गेल्या नव्हत्या. मी हॉटेलात रजेचा अर्ज टाकला, व्हिसाचे कागद जमवले. इक्बालभाईंनी तिकिटं बघायला घेतली.

त्याच आठवड्यात रत्नागिरीहून फोन आला. अम्मींना पक्षाघाताचा झटका आला होता. जीव वाचला, पण उजवी बाजू गेली आणि वाचा गेली.

मंगळवारी मी वर गेले तेव्हा हॉलमध्ये दोन सूटकेस उघड्या होत्या. भाभी त्यात सुती साड्यांची मऊ फडकी भरत होत्या, अंथरुणातल्या माणसाला लागतात तशी. मला काय ते कळलं, आणि मी चिडले. आज सांगायला लाज वाटते, पण चिडले. "तिकडे तुमच्या जाऊबाई आहेत ना? तीन आठवड्यांचा प्रश्न आहे. क्योटोहून थेट जा." इक्बालभाई कोपऱ्यात बसले होते. तेही म्हणाले, "मी पण तेच सांगतोय. मी जातो अम्मीजवळ, तू जपानला जा. इन्शाल्ला सगळं ठीक होईल."

भाभींनी फडकं घडी करून ठेवलं. "ग्रेसी," त्या म्हणाल्या, "मी त्या घरात गेले तेव्हा मुकी होते. दोन वर्षं त्या माझ्याशी बोलत राहिल्या. मला काही कळत नव्हतं तेव्हापासून." मग इक्बालभाईंकडे वळून म्हणाल्या, "तुम्ही त्यांचे हातपाय दाबाल. बोलायचं काम माझं आहे, ने?"

साना दारात उभी होती. तीच पुढे आली आणि शामिसेनची पेटी सूटकेसशेजारी आणून ठेवली. "यू विल नीड धिस, मम्मा," एवढंच म्हणाली.

एअरपोर्टवर जाताना भाभींनी तीनशे चारची किल्ली माझ्या हातात दिली. कोतो तिथंच राहिलं. त्याला कोरडी हवा सोसत नाही म्हणून आठवड्यातून दोनदा खोलीत ओला टॉवेल टांगायचा, एवढं काम मला सांगितलं.

गेल्या डिसेंबरात नाताळला वसईला आले होते, तिथून रत्नागिरी गाठली. घर खाडीच्या उतारावर, पडवीत अम्मींची खाट. भाभी खाटेशेजारी चटईवर बसल्या होत्या, मांडीवर शामिसेन. रत्नागिरीच्या डॉक्टरांनी म्हटलं होतं, की कधीकधी बोलता न येणाऱ्या माणसाला सुरावर शब्द येतो. ते कदाचित धीर देण्यासाठी म्हटलं असेल. भाभींनी ते ऐकून घेतलं आणि रोज असरच्या नमाजनंतर कामाला लागल्या. एका अक्षराला एक फटका. पा. णी. मग थांबायचं. पुन्हा पा, णी. अम्मींचे ओठ हलायचे, आवाज यायचा नाही. भाभींचा हात तसाच, न दमलेला. मी तिथं पाऊण तास बसले आणि तो एकच शब्द ऐकला. एकदाही तो आधीच्यासारखा वाजला नाही. रेकॉर्डर माझ्या पिशवीत होता. मी तो बाहेर काढला नाही.

"किती शब्द आले?" मी हळूच विचारलं.

"अकरा. चार महिन्यांत."

"आणि क्योटोवाले? त्यांनी पुन्हा विचारलं?"

"विचारलं. कळवलं त्यांना, सध्या रियाज चालू आहे."

त्यांनी मला जेवू घातलं. तांदळाची भाकरी, सुंगटांचं, म्हणजे कोळंबीचं कालवण, भात, नको म्हणेपर्यंत. मग माझी निघायची वेळ झाली. रिक्षा फाटकाशी येऊन उभी राहिली, गाडीला तास उरला होता. पिशवी खांद्याला लावून मी खाटेजवळ वाकले. "येते मी, अम्मी."

अम्मींनी डाव्या हातानं माझं मनगट धरलं. पकड घट्ट होती. त्यांचे ओठ हलायला लागले. मी भाभींकडे पाहिलं. त्यांनी नखी तारेवर धरली होती, पण वाजवली नाही. नुसत्या थांबल्या होत्या. रिक्षावाल्यानं हॉर्न दिला.

"जे," अम्मी म्हणाल्या. मग बराच वेळ काही नाही. कपाळावरची शीर ताणली गेली. "व." आणि शेवटी, श्वासाबरोबर सुटावं तसं, "लीस?"

भाभी वाद्य खाली ठेवत होत्या. हा शब्द त्यांनी शिकवलेल्या अकरांतला नव्हता, हे मला त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं.

मी गळ्यापर्यंत जेवले होते. पिशवी खाली ठेवली आणि म्हटलं, "नाही, अम्मी."

भाभी ताट वाढायला आत गेल्या.